टिंबापासून खाली

इशाकभाई सोलकर गेले तेव्हा
सोसायटीच्या कपाटाची किल्ली मिळाली,
पंख्याच्या रेग्युलेटरमागे चिकटवलेला पासवर्डही मिळाला,
पण काय कुठे ठेवलंय
हे त्यांच्याबरोबर गेलं.

बावीस वर्षांच्या फायली.
'नवीन फोल्डर'च्या पोटात 'नवीन फोल्डर',
त्याच्या पोटात 'जुनं', 'जुनं'मध्ये 'एकदम जुनं',
आणि त्याच्याही आत, का कोण जाणे, 'उद्या'.

साखरी नाट्याच्या बंदरावरून थेट वर आलेली
जुबेदा मिरकर दारात उभी. हातात पिशवी,
पिशवीत रेशनकार्डापासून सगळं,
नाही ती एकच: होडीच्या इंजिनाची पावती,
सन दोन हजार नऊ.
होडी खैरुन्निसा.
हे नाव इशाकभाईंनी कधी एका एननं लिहिलं, कधी दोन,
कधी आय, कधी डबल ई,
घाईत असले की नुसतंच खैरू.

मी काळी खिडकी उघडते.
हिच्यात माउस मुका. टाइप करून विचारावं लागतं.
फाइंड. मग एक टिंब.
टिंब म्हणजे इथून, मी बसलेय तिथून.
मग नावाचा जेवढा तुकडा खात्रीचा तेवढाच,
आणि खात्री संपते तिथे चांदणी.

चांदणी म्हणजे रापण.
काहीही येवो, कितीही येवो, काहीच न येवो,
बांगडा, शेवाळ, कुणाची एका पायाची चप्पल,
सगळं ओढून वाळूवर.
प्रश्नचिन्ह म्हणजे जाळ्याचा एक आस.
त्यात एकच अक्षर अडकतं. कुठलंही, पण एकच.
बाप म्हणायचा, आस लहान घेतलास तर कचरा येतो,
मोठा घेतलास तर मासा जातो.
शाळेत गेल्यावर कळलं
त्या शब्दाला दुसराही अर्थ आहे
आणि तो स्त्रीलिंगी आहे.

एन्टर.
आता ते खाली उतरतं,
जैतापूरच्या खाडीत भरती शिरते तसं:
फाट्यात, फाट्याच्या फाट्यात,
तिवरांच्या मुळांत, खाजणातल्या शेवटच्या डबक्यापर्यंत,
तिथून मागे, आणि पुढच्या फाट्यात.
एकही डबकं वगळत नाही.
मध्येच एका फोल्डरशी अडतं: परवानगी नाही.
(इशाकभाई, काय ठेवलंत तिथे? असो.)

एक्केचाळीस ओळी.
डिझेलचा कोटा, बर्फाची बिलं, कुणाच्या तरी निकाहचं आमंत्रण.
सदतिसावी ओळ पावती.
"या अल्ला," म्हणत जुबेदानं खुर्ची ओढली.

माझा हात मात्र शेवटच्या ओळीवर थांबलेला.
खैरुन्निसा_खलाशी_?
ते प्रश्नचिन्ह मी टाकलेलं नव्हतं,
नावातच होतं.
इशाकभाईंना माणसाचं नाव ठाऊक नव्हतं
आणि खोटं लिहायची त्यांना सवय नव्हती.

उघडायला गेले तर यंत्र भलत्यांनाच आणायला लागलं,
खलाशी_१, खलाशी_२, खलाशी_ब.
त्याच्या लेखी प्रश्नचिन्ह म्हणजे कुणीही.
हे चिन्ह हेच आहे, दुसऱ्या कुणाच्या जागी उभं नाही,
असं सांगायचं तर अलीकडे एक तिरकी रेघ द्यावी लागते,
दाराला टेकू द्यावा तशी.
दिली. तेव्हा तो एकटा आला.

वीस-बावीसचा. लाल बनियन, मागे हिरवं जाळं,
हसायचं की नाही हे ठरायच्या आत फोटो निघालेला.

जुबेदा वाकली.
"दोन हंगाम माझ्या हातचं जेवला हा.
मासळी खायचा नाही गो, डाळ-भात द्यायची मी.
लांबून डोंगरातून आलेला, पोहायलापण येत नव्हतं.
नाव..."
तिनं डोळे मिटून चांदणी लावली,
पुढून लावली, मागून लावली,
अगदी पहिल्या अक्षरालाही लावून पाहिली.
काहीच आलं नाही.

प्रिंटर कुरकुरला. पावतीचे दोन रुपये
तिनं टेबलावर ठेवले, उठली,
पुन्हा बसली.
"ह्याचीपण काढ."

आमच्या प्रिंटरवर कागदाच्या तळाशी फायलीचं नाव छापून येतं.
ते बंद करता येतं.
मी केलं नाही.